कॅसलरॉक : तहातून जन्मलेले रेल्वेचे गाव

गावे बहुधा नदीकाठी वसतात, देवस्थानाभोवती वाढतात किंवा बाजारपेठेमुळे नावारूपास येतात. गोव्याच्या पूर्व सीमेला लागून, सह्याद्रीच्या माथ्यावरील दाट अरण्यात असलेल्या कॅसलरॉकची कथा निराळी आहे. नदी, देव आणि बाजार यांपैकी कोणीही त्याला वसविले नाही. त्याचे मूळ दोन युरोपीय सत्तांनी सहस्रावधी मैल दूर बसून केलेल्या एका करारात आहे. ‘किल्ल्यासारखा खडक’ असा अर्थ असलेले त्याचे नावदेखील इंग्रजीच.

हा करार ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यामध्ये २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे झाला. पोर्तुगीजांच्या हाती मुरगावसारखे उत्तम नैसर्गिक बंदर होते. परंतु त्या बंदराच्या पाठीशी सह्याद्रीची भिंत उभी होती. भिंतीपलीकडे धारवाड-हुबळीचा कापूस पिकत होता आणि तो समुद्रापर्यंत पोहोचविण्यास सोयीचा मार्ग नव्हता. कारवारहून हुबळीपर्यंत रेल्वे न्यावी, असा विचार त्यापूर्वी झाला होता. तो मागे पडला आणि मुरगावची निवड झाली. मात्र या सोयीची किंमत गोव्याला द्यावी लागली. दोन्ही मुलखांमधील जकातीची भिंत काढून टाकावी, गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर ब्रिटिशांचे नियंत्रण असावे आणि त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लक्ष रुपये मिळावेत, असे ठरले. रेल्वे आली, पण गोव्यातील आगरांचे मीठ पराधीन झाले.

१८८० मध्ये तह अमलात आला आणि पुढील वर्षी वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे या कंपनीशी करार झाला. बंदर बांधणे आणि गोव्याच्या हद्दीतील सुमारे ५१ मैलांचा मीटरगेज मार्ग घालणे, ही दोन्ही कामे तिच्याकडे होती. घाटमाथ्यावरचा मार्ग सदर्न मराठा रेल्वे घालीत होती. १८८७ च्या जानेवारीत मुरगावहून सावर्ड्यापर्यंत गाडी धावू लागली. घाट ओलांडून ती वर पोहोचली ती १८८८ च्या फेब्रुवारीत. दोन कंपन्यांचे रूळ जेथे एकमेकांस भेटले, ते ठिकाण कॅसलरॉक होय.

येथे गाव वसावे असे सृष्टीने काहीच मांडून ठेवले नव्हते. त्या काळी हा भाग मुंबई इलाख्याच्या कारवार जिल्ह्यातील सुपे तालुक्यात मोडत असे. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि एरवी हिवताप, अशी या अरण्याची कीर्ती होती. तरीही माणसे येथे राहिली, कारण गाडीला त्यांच्यावाचून पुढे जाता येत नव्हते. कुळे ते कॅसलरॉक हा अवघा सोळा मैलांचा टप्पा. पण त्यात दर सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे. मधेच दुधसागरचा प्रपात रुळांच्या अगदी निकट कोसळतो. एवढा चढ चढावयाचा तर गाडीला साहाय्यक एंजिने जोडावी लागतात. उतरताना त्याहूनही अधिक जपावे लागते. ब्रेक नीट तपासल्यावाचून एकही गाडी खाली सोडता येत नाही. एंजिनाला पाणी लागते, रुळांवर पहारा लागतो, कोसळलेली दरड हटविणारे हात लागतात. या गरजांतून रेल्वेचे घर उभे राहिले आणि घरांचे गाव झाले. कोकणी, मराठी व कन्नड या तिन्ही भाषा तेथे एकाच फलाटावर नांदू लागल्या.

मार्ग पुरा होऊन चार वर्षेही उलटली नाहीत तोच, १८९२ च्या जानेवारीत, तहाची बारा वर्षांची मुदत संपली आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. जकातीची भिंत पुन्हा उभी राहिली. खाली कुळे येथे पोर्तुगिजांची तपासणी आणि वर कॅसलरॉकला ब्रिटिश हिंदुस्थानची. मुक्त व्यापारासाठी घातलेल्या रुळांवरच व्यापाराची अडवणूक होऊ लागली. कंपनीस अपेक्षित माल मिळाला नाही आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिचा मार्ग चालविण्याचे काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेले. परंतु गोव्याहून लोंढा, बेळगाव, मिरज या वाटेने पुण्या-मुंबईकडे निघालेल्या असंख्य कुटुंबांनी आपल्या ट्रंका व वळकट्या याच फलाटांवर उघडून दाखविल्या. नोकरीसाठी घर सोडणाऱ्या गोमंतकीयाला ‘परमुलूख’ या शब्दाचा अर्थ प्रथम कळला तो येथेच.

१९४७ साली भारत स्वतंत्र झाला, गोवा मात्र पारतंत्र्यात राहिला. सीमेची ही रेषा आता अधिकच बोचू लागली. १९५५ साली सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, आणि त्याच वर्षी भारताने गोव्याशी असलेली रेल्वे वाहतूक बंद केली. ज्या गावाचे सारे जीवन येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर, त्याच्यापुढे घाटाची वाट मुकी झाली. ती मुकी अवस्था १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत टिकली.

मुक्तीनंतर जकात गेली, झडती गेली. अशा वेळी सीमेवरचे गाव ओस पडावे, असाच जगाचा अनुभव. कॅसलरॉक ओस पडले नाही. १९९० च्या दशकात मीटरगेजच्या जागी ब्रॉडगेज आले, वाफेचे युग संपले. तरीही प्रत्येक गाडीला घाट उतरण्यापूर्वी येथे थांबून ब्रेकची परीक्षा द्यावीच लागते. या घाटात दुसरा मार्ग घालण्यास मिळालेली वन्यजीवविषयक मंजुरी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, तेव्हा पुन्हा एकदा दिसून आले की येथील खरा धनी सह्याद्रीच आहे.

तह बारा वर्षे टिकला, त्यानंतरची सीमारेषा सत्तर वर्षे. दोन्ही माणसांनी आखल्या होत्या, दोन्ही पुसल्या गेल्या. पर्वताचा चढ मात्र कोणी आखला नव्हता, म्हणून तो पुसलाही गेला नाही. आणि त्या चढाच्या आधारानेच हे लहानसे गाव आजवर उभे आहे.