गाणं हिट, खिसा रिकामा? गाण्यातून कमाईचे ५ मार्ग



मागच्या महिन्यात सांगलीची कार्यशाळा संपली आणि एक पोरगा मागे थांबला. वय असेल पंचवीस. म्हणाला, "सर, मी काही दुकान टाकणार नाहीये. मी गाणी करतो. माझं बसतं का यात?"

त्याने हळदीचं एक गाणं लिहिलं, चाल लावली, गायलंही स्वतःच. स्टुडिओ, हलगी-बेंजोवाले, मिक्सिंग असं सगळं धरून २२,००० रुपये खर्च. एका म्युझिक कंपनीने ते ३०,००० ला घेतलं. आठ हजार सुटले म्हणून गडी खूश! सही केली, कागद काही वाचला नाही. वर्षभराने चुलतभावाच्या हळदीत डीजेवाल्याने तेच गाणं चार वेळा लावलं. सगळा मांडव नाचतोय आणि हा मोबाईलच्या हप्त्याचा मेसेज बघत कोपऱ्यात उभा. "सर, गाणं माझं आहे का नाही, तेवढं सांगा."

आज त्याला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. गाणं हा माल आहे, आणि मालाचा मालक कोण हे आधी कळलं पाहिजे.

एका गाण्यात किती हक्क?

शब्दांचा हक्क गीतकाराचा. चालीचा हक्क संगीतकाराचा. रेकॉर्डिंगचा हक्क ज्याने ते पैसे घालून तयार केलं त्याचा, म्हणजे निर्मात्याचा. गायकाचा आणि वादकाचा सादरीकरणाचा हक्क वेगळा. आपल्या पोराकडे हे सगळं होतं. त्याला वाटलं आपण "गाणं" विकलं. प्रत्यक्षात काय काय विकलं, ते कागदात लिहिलेलं होतं.

आता चांगली बातमी. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकाराने हक्क लिहून दिले तरी रॉयल्टीतला त्याचा समान वाटा जात नाही. शिवाय हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून सही करण्याआधी चार गोष्टी बघा: काय देतोय, किती वर्षं, कुठे कुठे, आणि कितीला.

चला, आता कमाईकडे वळू.

१. कार्यक्रमाची सुपारी

रोख पैसा सगळ्यात लवकर इथेच येतो. लग्न, हळदी, शिवजयंती, गणपती, नवरात्र, गावची जत्रा. पण बहुतेक कलाकार भाव सांगताना फक्त स्वतःचं मानधन धरतात. गाडीभाडं, साउंड, वादक, जेवण, परतीची रात्र हे सगळं मांडा, मग आकडा सांगा. इसार घेतल्याशिवाय तारीख अडवू नका. साधा व्हॉट्सॲप मेसेज का असेना, पण तारीख, वेळ, रक्कम आणि रद्द झालं तर काय, हे लिहून घ्या.

२. ऑर्डरची गाणी

मंडळाचं गाणं, दुकानाची जिंगल, निवडणुकीचं प्रचारगीत, वाढदिवसाचं गाणं, शाळेचं गीत. इथे गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे माल पडून राहायची भीती नाही. फक्त एक करा: कोटेशनमध्ये "वापर" लिहा. दुकानदाराने जिंगल रिक्षावर एक वर्ष वाजवायची, हा एक दर. तीच जिंगल टीव्हीवर गेली तर दर वेगळा. अर्धे पैसे आधी, अर्धे फायनल फाइल देण्याआधी. फायनल फाइल एकदा गेली की उरलेले पैसे मागत फिरावं लागतं, हा माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या कलाकाराचा अनुभव!

३. यूट्यूब

जाहिरातीच्या कमाईसाठी १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉचटाइम लागतो, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा चॅनलवाल्याला मिळतो. आणि दुसऱ्याची हिट गाणी गाऊन चॅनल वाढवणाऱ्यांनो, जरा थांबा. व्ह्यूज तुमचे असले तरी चाल आणि शब्द दुसऱ्याचे आहेत. मालकाने दावा केला की कमाई त्याच्याकडे जाऊ शकते. कव्हर ही ओळख करून घ्यायला ठीक. धंदा मात्र स्वतःच्या गाण्यावर उभा करा.

४. स्ट्रीमिंग आणि कॉलर ट्यून

स्पॉटिफायसारख्या ॲपवर आपण थेट गाणं टाकत नाही, मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर ही त्यातली नावं. कोणी वर्षाची फी घेतो, कोणी कमाईतला टक्का. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-आकड्यांचा कोड मिळतो, तो जपून ठेवा. तुमच्या गाण्याचा तो आधार नंबरच समजा. पण अपेक्षा माफक ठेवा. ठरलेला "एका ऐकण्याला इतके पैसे" असा दर नसतो, आणि स्पॉटिफायवर १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेल्याशिवाय त्या गाण्याचे पैसे सुरूच होत नाहीत. ही कमाई म्हणजे बांधावरचं झाड. लावा जरूर, पण पहिल्या वर्षी फळाची वाट बघू नका.

५. रॉयल्टी

रेडिओ, हॉटेल, कार्यक्रम, ॲप अशा ठिकाणी गाणी वाजतात, तेव्हा गीतकार-संगीतकारांच्या वतीने पैसे गोळा करते आयपीआरएस. १९६९ सालची ही संस्था आहे. गायक-वादकांसाठी इसामरा आहे. पण सभासद झालात आणि गाणं नोंदवलंत तरच पैसे तुमच्या नावावर पडणार. एक गोष्ट स्पष्ट सांगतो: लग्नसमारंभात गाणं वाजवायला कायद्यात सूट आहे. म्हणजे भावाच्या हळदीत चार वेळा वाजलं त्याचे पैसे नाहीत. पण तेच गाणं ॲपवर, रेडिओवर वाजतं, त्याचे आहेत.

हिशोब पक्का

गाण्याच्या पैशासाठी बँक खातं वेगळं ठेवा. रॉयल्टी आणि फीवर टीडीएस कापला गेला तर रिटर्न भरा, नाहीतर परतावा मिळू शकत असेल तोही हातचा जाईल. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाखांची. तिथे पोचेपर्यंत निदान बिलाचं पुस्तक तरी करा!

त्या पोराचं काय झालं?

करार वकिलाला दाखवला. रेकॉर्डिंग कायमचं गेलंय, ते परत येणार नाही. पण गीतकार-संगीतकार म्हणून रॉयल्टीचा वाटा शाबूत आहे. आता तो आयपीआरएसचा अर्ज भरतोय. पुढचं गाणं स्वतःच्या चॅनलवर टाकायचं ठरवलंय, आणि त्याचा स्टुडिओचा खर्च दोन गणपती मंडळांच्या ऑर्डरमधून काढतोय. श्रीमंत नाही झाला. पण या वेळी मंडळाने कागद पुढे केला तेव्हा म्हणाला, "थांबा, आधी वाचतो." मला विचाराल तर त्याचा धंदा त्या दिवशी सुरू झाला.

आजचा गृहपाठ: एक वही घ्या. तुमच्या प्रत्येक गाण्यापुढे चार रकाने करा: शब्द कोणाचे, चाल कोणाची, रेकॉर्डिंगचे पैसे कोणी घातले, गायलं-वाजवलं कोणी. एखादा रकाना रिकामा राहिला तर त्या माणसाशी याच आठवड्यात बोला आणि जे ठरेल ते लिहून घ्या. गाणं चालल्यावर हे बोलणं फार अवघड जातं.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत गात राहा, आणि सही करण्याआधी वाचत राहा!