ताई, छाती तर हलतेय ना?

आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी मुली आता एएनएम, जीएनएम करत आहेत. त्या भेटल्या की आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो : कोमा आणि मेंदूमृत्यू यांत फरक काय? बऱ्याच जणी गप्प होतात. किडनी, यकृत, हृदय दान करता येते, एवढे त्यांना पाठ असते. पण आयसीयूबाहेर बसलेली आई विचारते, "ताई, पोराची छाती तर हलतेय, मग गेला कसं म्हणता?" तिथे पाठांतर कामाला येत नाही. नर्स चाचरली की घरच्यांचा विश्वास उडालाच समजा.

कोमातल्या माणसाचा मेंदू जिवंत असतो, तो शुद्धीवर येऊ शकतो. मेंदूमृत्यूत श्वास चालवणारा मेंदूचा देठच कायमचा बंद पडतो. छाती हलते ती व्हेंटिलेटरमुळे. हृदय काही काळ धडधडते, मग तेही थांबते. १९९४च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांनी हे ठरवायचे असते. किमान सहा तासांनी सगळ्या तपासण्या पुन्हा होतात. अवयव बसवणाऱ्या पथकातला एकही डॉक्टर या चौघांत चालत नाही.

"गरिबाचे अवयव काढून विकतात" ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. किडनीच्या धंद्यात गरीबच नाडले गेले. पण तो धंदा जिवंत माणसाच्या किडनीचा, आणि तो गुन्हा आहे. मेंदूमृत्यूनंतर मिळालेला अवयव विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या प्रतीक्षायादीप्रमाणे दिला जातो. अशा समित्या मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत.

मुलींना आम्ही आणखी एक बजावतो. "दान करा" असा आग्रह नर्सने धरायचा नाही. संमतीचे बोलायला समन्वयक असतो. घरचे नाही म्हणाले तरी आपल्या वागण्यात फरक पडता कामा नये.

कार्ड भरले की झाले, असेही पुष्कळांना वाटते. कार्ड असले तरी नातेवाइकांना विचारले जातेच. म्हणून आपली इच्छा घरात आधीच बोलून ठेवावी.

नेत्रदान मात्र घरी मृत्यू झाला तरी होते. साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे लोक पोचले पाहिजेत. तोवर पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. चष्मा होता किंवा मोतीबिंदू काढला होता, तरी अडत नाही.