आज्जीचा चेहरा, ६ बाय ८ इंचांत

निलंगा म्हटलं की बऱ्याच जणांना २०१९च्या शिवजयंतीचं ते शेतातलं चित्र आठवतं. मंगेश निपाणीकरांनी गवतातून महाराज साकारले होते. ते अख्खं बघायचं तर ड्रोनच हवा. मीही इथलाच, पण माझं चित्र तळहातावर मावतं. ६ बाय ८ इंच, ऑइल कलर.

एवढं छोटं का? कारण आज्जी अर्ध्या तासाच्या वर एका जागी बसत नाही. आणि तिचा घरात एकच फोटो आहे, आधार कार्डावरचा.

छोट्या चित्रात पापणीचा केस न् केस काढायला गेलात, तर माणसाची बाहुली होते. म्हणून मी डोळे किलकिले करून बघतो. बारकावे जातात, उजेड आणि सावली उरते. कपाळाखालची सावली बरोबर बसली, की माणूस ओळखू येतो.

आता तेलाचं. ऑइल कलरमध्ये बहुतेक वेळा जवसाचं तेल असतं. हो, चटणीवालं जवस! ते पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून पहिला थर टर्पेंटाइन घालून पातळ, वरच्या थरांत तेल जास्त. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि चित्राला भेगा पडतात.

तीन बैठका झाल्यावर आज्जीनं चित्र हातात घेतलं. म्हणाली, "लुगडं बरोबर हाय. तोंड कुणाचं काढलंस?"

उद्या चौथी बैठक. आधी कपाळाखालची सावली बघणार. तुम्हीही घरातल्या कुणाला तरी समोर बसवा, पेन्सिलनं का होईना!