तीच धाव, तेच जोर : अंगालाही बेवड लागतो



या पानावर मी एरवी बेणे, खतांचे हप्ते आणि पाचट यांबद्दल लिहितो. या खेपेचा विषय जरा निराळा आहे, पण तो सापडला उसाच्या नोंदीच्या फेरीतच. पहाटे गटात निघालो की रस्त्याच्या कडेने धावणारी आपली पोरे दिसतात. बहुतेक जण पोलीस भरतीची तयारी करणारे. हिंजवडीच्या बाजूला जमिनी गेल्या, बाकीच्या गावांत वाटण्या होऊन गुंठ्यांवर आल्या. तेव्हा घरातल्या एकाला तरी पगाराची नोकरी लागावी म्हणून सगळे घर त्या पोराच्या धावण्याकडे डोळे लावून बसलेले असते.

असाच एक सभासद बांधावर म्हणाला, "साहेब, उसाचं राहू द्या. पोरगं वर्षभर रोज पळतंय, पण टाइम काही हलंना. पाच-पन्नासवर अडकलंय. वय चाललंय निघून."

मी कृषी पदविका घेतलेला माणूस, व्यायामाचा मास्तर नव्हे. तरी पोराला बोलावून विचारले, रोज काय करतोस? उत्तर असे : पाच किलोमीटर धाव, त्याच रस्त्याने, त्याच वेगाने. मग शंभर जोर, दोनशे बैठका. दहा महिने यात फरक नाही. पहिल्या तीन महिन्यांत सोळाशे मीटरची वेळ सात मिनिटांवरून सहाच्या आत आली, ५ मिनिटे ५० सेकंदांपर्यंत उतरली आणि तिथेच थांबली. मग भीतीने त्याने पाचाचे सात किलोमीटर केले. वेळ हलली नाहीच, उलट नडगी दुखायला लागली.

हे ऐकताना मला शेतातलाच प्रकार आठवला. युरियाच्या पहिल्या पोत्याने ऊस उठतो, दुसऱ्यानेही उठतो. चौथ्या-पाचव्या पोत्याला मात्र हलत नाही, कारण तिथे नत्राची वाण नसतेच. कमी असते ते स्फुरद, जस्त, नाहीतर मुळांना हवा. लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने हा नियम आम्हाला शिकवला गेला. पिंपाच्या फळ्या कमीजास्त उंचीच्या असल्या तर पाणी सर्वांत आखूड फळीइतकेच राहते. बाकीच्या फळ्या कितीही उंच करा, उपयोग नाही.

शरीर मोठे काटकसरी आहे. जेवढा भार पडेल तेवढ्यापुरतीच ताकद ते उभी करते. नवीन मेहनत सुरू केली की हृदय, फुप्फुसे, स्नायू सगळे कामाला लागतात आणि प्रगती दिसते. दोन-तीन महिन्यांत तो भार अंगवळणी पडला की शरीराच्या दृष्टीने काम संपले. त्यानंतर तेच शंभर जोर आहे ती ताकद टिकवतात, नवीन देत नाहीत.

आता भरतीचा हिशोब बघा. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलांना सोळाशे मीटरला २० गुण, शंभर मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५, असे ५० गुण. सोळाशे मीटरचे पूर्ण गुण ५ मिनिटे १० सेकंदांत येणाऱ्याला. (आपल्या भरतीची जाहिरात स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर जाऊ नये.) ५ मिनिटे १० सेकंद म्हणजे ३१० सेकंद. चारशे मीटरच्या चार फेऱ्या धरल्या तर फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. आपला पोरगा फेरीला साडेसत्त्याऐंशी सेकंद घेतो, आणि रोजची पाच किलोमीटरची धाव तर त्याहून कितीतरी सावकाश. म्हणजे ज्या वेगाने परीक्षेत धावायचे त्या वेगाने तो वर्षभरात एकदाही धावलेला नव्हता! पायांना तो वेग माहीतच नाही, तर परीक्षेच्या दिवशी तो येणार कुठून?

आखूड फळी ओळखायला एक साधी कसोटी आहे. ताज्या अंगाने एकच फेरी जीव तोडून धावावी. तीच पंचाहत्तर सेकंदांच्या आत होत नसेल तर वेगाची वाण आहे. ती सहज होते, पण सोळाशेच्या तिसऱ्या फेरीला पाय जड होतात, तर वेग टिकवण्याची. आणि सकाळी उठतानाच अंग मोडून येत असेल, अंथरुणातली नाडी नेहमीपेक्षा जलद लागत असेल, तर विश्रांतीची. हे तिसरे कारण सांगितले की पोरांना पटत नाही.

म्हणून रॉजर बॅनिस्टरची गोष्ट सांगतो. वैद्यकशास्त्र शिकणारा हा इंग्लिश तरुण १९५४ साली एक मैल, म्हणजे १६०९ मीटर, चार मिनिटांच्या आत धावण्याची तयारी करत होता. तेव्हापर्यंत ते कुणाला जमले नव्हते. त्याची मेहनत म्हणजे पाव मैलाच्या दहा धावा, मध्ये दोन-दोन मिनिटांची उसंत. डिसेंबरात एक धाव ६६ सेकंदांची होती, एप्रिलपर्यंत ६१ वर आली आणि तिथे अडकली. काही केल्या खाली येईना. तेव्हा तो आणि त्याचा जोडीदार ख्रिस ब्रॅशर स्कॉटलंडच्या डोंगरात कडे चढायला निघून गेले. तीन-चार दिवस धावणे बंद. परत येऊन पुन्हा त्या दहा धावा केल्या, तर वेळ ५९ सेकंद! ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला त्याने मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पुरा केला. पाण्याच्या पाळीनंतर वाफसा येईपर्यंत आपण दुसरी पाळी देत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या मुळशीला हे सगळे नवीन वाटू नये. हा कुस्तीचा तालुका. महाराष्ट्र केसरीची मानाची गदा ज्यांच्या नावाने दिली जाते ते मामासाहेब मोहोळ मुठा गावचे. जुन्या तालमीत जाणता वस्ताद पोरांकडून नुसत्या बैठका काढून घेत नाही. एक दिवस हौद उकरायला लावील, एक दिवस दोर चढायला, कधी मुदगल, कधी मल्लखांब, कधी नुसती लढत आणि मग मालीश करून झोप. ऑलिंपिक पदक मिळवणारे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले. मातीत तयार झालेल्या मल्लाला गादीवरची कुस्ती नवी होती. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक घेतले.

त्या पोराला आम्ही जो बदल सांगितला तो असा. आठवड्यातून एक दिवस चारशेच्या सहा धावा, प्रत्येकी ८४ सेकंदांत, मध्ये तीन मिनिटे चालणे. सहाही जमल्या तरच पुढच्या खेपेला दोन सेकंद कमी. दुसऱ्या दिवशी चढ : साठ-सत्तर पावलांचा चढ जोरात चढायचा, उतरताना चालत यायचे, आठ वेळा. पायात ताकद येते आणि त्याचा फायदा शंभर मीटरलाही होतो. एक दिवस लांबची धाव, पण बोलता येईल इतकी सावकाश, डांबरी सोडून मातीच्या वाटेने. दोन दिवस तालीम. तिथे शंभर जोरांऐवजी पंचवीस, पण खाली जाताना चार आकडे मोजत, बैठका पाठीवर वाळूची पिशवी घेऊन, शेवटी गोळा. उरलेले दोन दिवस विश्रांती, त्यातला एक सलग झोपेचा. पावसाळ्यात आपल्याकडे रस्त्यावर धावणे अवघड होते, तेव्हा तालमीचे दिवस वाढवावेत. चौथ्या आठवड्यात सगळेच निम्म्यावर आणावे.

मात्र बदल म्हणजे धरसोड नव्हे. काही पोरे मोबाईलवर बघून रोज नवीन प्रकार करतात. आज एका वाफ्यात एक खत, उद्या दुसरे, तर ऊस कशाने वाढला हे कळणार कसे? एक बदल चार-सहा आठवडे ठेवावा, वहीत तारीख, धावा, सेकंद आणि झोपेचे तास लिहावेत. सोळाशेची वेळ तीन आठवड्यांतून एकदाच घ्यावी. रोज घड्याळ लावणे म्हणजे रोप उपटून मुळ्या बघणे.

खाण्यात दूध, अंडी, शेंगदाणे, मोड आलेली कडधान्ये आणि पोटभर भाकरी-भात पुरते. डब्यातल्या महागड्या पावडरी आणि कुणी गुपचूप देऊ केलेली इंजेक्शने यांच्यापासून लांब राहावे. छातीत दुखले, चक्कर आली, किंवा नडगीचे दुखणे विश्रांतीनेही राहत नसले तर डॉक्टरांना दाखवावे.

सहा आठवड्यांनी त्या पोराची वेळ ५ मिनिटे ३८ सेकंद आली. अजून २८ सेकंद बाकी आहेत. नडगी शांत आहे, आणि सध्या तो चारशेची धाव ८० सेकंदांवर करतो आहे. ज्यांच्या घरी अशीच अडलेली वेळ असेल त्यांनी मुलाला वहीसह सोमवारी गट कार्यालयात पाठवावे. दोघे मिळून बघू. येताना वडिलांची खोडव्याची नोंद राहिली असेल, तर तेवढे कागदही बरोबर द्यावेत.

— ऊस विकास अधिकारी