नाशिकरोडचा रुपया आणि आखाताचं तेल

कुवेत, कतार, दुबईच्या बाजारात एके काळी जो रुपया चालायचा, तो नाशिकरोडला छापला जायचा. तो तिथे कसा पोचला, का उठला आणि त्याच्या जागी डॉलर कसा बसला, हे पाहिलं की तेलवाली अरब राज्यं आणि पाश्चात्त्य सत्ता यांच्यातला व्यवहार उलगडत जातो.

पाच रुपयांची नोट, पण रंग नारिंगी. शंभराची नोट, पण हिरवी. अशोकस्तंभाचे सिंह तेच, रिझर्व्ह बँकेचं नाव तेच, छपाईही नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसचीच. फक्त क्रमांकाआधी इंग्रजी 'झेड' हे अक्षर. १९५९ मध्ये निघालेल्या या नोटा नाशिकच्या मेनरोडवर कुणी घेतल्या नसत्या, कारण भारतात त्या चलन म्हणून चालणारच नव्हत्या. त्या खास कुवेत, बहारिन, कतार, ओमान आणि आजच्या संयुक्त अरब अमिरातीच्या किनाऱ्यासाठी छापल्या होत्या. देश स्वतंत्र होऊन बारा वर्षं झाली होती, तरीही परक्या मुलखाचं चलन आपल्याकडे छापलं जात होतं, आणि तो मुलूख होता ब्रिटनच्या संरक्षणाखालचा.

मुंबईहून चालणारा किनारा

या विचित्र स्थितीचं मूळ मुंबईत आहे. १८१९ मध्ये मुंबईहून निघालेल्या इंग्रजी आरमाराने रास अल-खैमावर हल्ला केला आणि पुढच्या वर्षी किनाऱ्यावरच्या शेखांशी तह झाला. भारताकडे येणारा समुद्रमार्ग सुरक्षित ठेवणं हा त्यामागचा हेतू. १८९२ च्या करारांनी हे बंधन पक्कं झालं. ब्रिटनखेरीज कुणाशी करार करायचा नाही, कुणाला जमीन द्यायची नाही. बदल्यात संरक्षण ब्रिटनचं. १८९९ मध्ये कुवेतच्या शेखांनीही असाच करार केला.

या सगळ्यावर देखरेख करणारा ब्रिटिश रेसिडेंट इराणच्या बुशहर बंदरात बसायचा. १८७३ पर्यंत तो मुंबई सरकारच्या हाताखाली होता, नंतर भारत सरकारच्या. आखातातल्या मोत्यांची मोठी बाजारपेठही मुंबईच. त्यामुळे व्यापाराचा हिशेब रुपयात आणि टपालही भारताचं. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून टपाल तिकिटं छापली जाऊ लागली. पंचम जॉर्जचा चेहरा असलेल्या याच तिकिटांवर वरून 'कुवेत' किंवा 'बहारिन' असा शिक्का मारला की ती तिकडे चालत.

१ एप्रिल १९४७ रोजी आखाताचा कारभार दिल्लीकडून लंडनच्या परराष्ट्र खात्याकडे गेला. रुपया मात्र तिथेच राहिला. बाजाराची सवय एका सरकारी आदेशाने मोडत नाही.

टनामागे तीन रुपये

तोवर जमिनीखालचं चित्र पालटलं होतं. बहारिनमध्ये १९३२ ला तेल लागलं, कुवेतच्या बुरगानमध्ये आणि सौदी अरबस्तानातल्या दम्मामला १९३८ ला. कुवेतचे शेख अहमद अल-जाबिर यांनी १९३४ मध्ये दिलेला तेलाचा पट्टा पाहण्यासारखा आहे. घेणारी कंपनी निम्मी ब्रिटिश, निम्मी अमेरिकन. मुदत ७५ वर्षं. सही होताच शेखांना ४ लाख ७५ हजार रुपये आणि पुढे तेलाच्या दर टनामागे ३ रुपये. अरबी वाळवंटातलं तेल, विलायती-अमेरिकी कंपनी आणि रक्कम मात्र रुपयात.

१९५० मध्ये सौदी अरबस्तानाने आणि १९५१ मध्ये कुवेतने नफ्यात निम्मा वाटा मिळवला, तेव्हा शेखांच्या हाती पहिल्यांदा मोठा पैसा आला. या पैशावर लंडनचं लक्ष होतं. कुवेतचं तेल पौंडात विकलं जाई आणि उरलेली रक्कम लंडनमध्ये ठेवली जाई. महायुद्धाने खंगलेल्या ब्रिटनच्या गंगाजळीला तो मोठा आधार होता. कुवेतची शिल्लक गुंतवण्यासाठी १९५३ मध्ये लंडनमध्येच मंडळ स्थापन झालं. जगातला पहिला सरकारी गुंतवणूक निधी म्हणून ते ओळखलं जातं. पहाऱ्याची फी म्हणून कुणी बिल पाठवत नव्हतं. तेल पौंडात विकणं आणि शिल्लक लंडनमध्ये ठेवणं, हीच ती फी होती.

दहा तोळ्यांचं बिस्किट

मग १९५९ मध्ये वेगळ्या नोटांची गरज का पडली? कारण सोनं. जगात सोन्याचा दर औंसाला ३५ डॉलरवर बांधलेला होता. भारतात आयातीवर बंदी आणि लग्नसराईची मागणी कायम, म्हणून मुंबईत भाव बराच चढा. दुबईहून दहा तोळ्यांची बिस्किटं निघत. खास शिवलेल्या कापडी जाकिटाच्या कप्प्याकप्प्यांत ती बसवलेली असत. गलबतातून माल पश्चिम किनाऱ्यावर उतरायचा, झवेरी बाजारात पोचायचा आणि मोबदल्यात रुपयांच्या नोटांची पुडकी परत दुबईला जायची.

खरी मेख पुढे होती. दुबईत तीच नोट कायदेशीर चलन. तिथल्या बँका त्या नोटा गोळा करून रिझर्व्ह बँकेकडे पाठवत आणि बदल्यात पौंड मागत. त्या पौंडांतून लंडनमध्ये पुन्हा सोनं घेतलं जाई. चोरटं सोनं भारतात येत होतं आणि त्याची किंमत भारताच्याच परकीय गंगाजळीतून कायदेशीरपणे चुकती होत होती. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी परदेशी चलनाची चणचण असताना ही गळती परवडणारी नव्हती.

म्हणून मे १९५९ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती झाली आणि आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा निघाल्या. भारतातल्या साध्या नोटा तिकडे बाद ठरल्या. हजला जाणाऱ्यांसाठीही वेगळ्या नोटा होत्या, त्यांच्या क्रमांकाआधी 'एचए' ही अक्षरं असत. रोख नोटांची वाट अशी बंद झाली. तस्करी थांबली नाही. सोन्याच्या बदल्यात भारतातून चांदी बाहेर जाऊ लागली.

रुपया उठला, पहारा बदलला

आखाती रुपयाचं आयुष्य थोडंच होतं. कुवेतने १ एप्रिल १९६१ ला स्वतःचा दिनार आणला. एक दिनार म्हणजे बरोबर एक पौंड, म्हणजे सव्वातेरा रुपयांहून थोडा जास्त. जूनमध्ये कुवेत स्वतंत्र झाला आणि आठवडाभरात इराकचे पंतप्रधान कासिम यांनी त्यावर हक्क सांगितला. १ जुलैला कुवेतच्या मदतीला ब्रिटिश सैनिक उतरले. चलन नवं, झेंडा नवा. पण दिनार पौंडाच्या बरोबरीचा आणि पहारा ब्रिटनचाच.

बहारिनने १९६५ मध्ये दिनार काढला. ६ जून १९६६ ला भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलरला ४.७६ रुपये होते, ते ७.५० झाले. कतार आणि दुबईत अजून रुपयाच चालत होता. दिल्लीतल्या एका निर्णयाने तिथल्या व्यापाऱ्यांच्या तिजोरीतली एक तृतीयांशाहून जास्त किंमत एका रात्रीत उडाली. कतार-दुबईने तात्पुरते सौदी रियाल वापरले आणि सप्टेंबरमध्ये स्वतःचा रियाल काढला. अबू धाबीने बहारिनचा दिनार घेतला. शेवटी १९७० मध्ये ओमाननेही रुपया सोडला.

दीड वर्षाने अशीच वेळ ब्रिटनवर आली. पौंडाचं अवमूल्यन झालं आणि जानेवारी १९६८ मध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी १९७१ अखेर आखातातून फौजा काढण्याची घोषणा केली. अबू धाबीचे शेख झायेद यांनी फौजेचा खर्च आपण उचलू, असं सुचवलं. ब्रिटिश संरक्षणमंत्री डेनिस हीली यांनी ही सूचना उडवून लावली. आमचे सैनिक शेखांचे भाडोत्री शिपाई नव्हेत, असा त्यांचा सूर होता. शेखांनी मात्र रोकडा हिशेब मांडला होता. संरक्षण ही विकत घेण्याची सेवा आहे, हे त्यांनी उघडपणे बोलून दाखवलं इतकंच.

२ डिसेंबर १९७१ ला अमिराती एकत्र आल्या. बहारिनच्या जुफैरचा ब्रिटिश नाविक तळ अमेरिकेने वापरायला घेतला. आज अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचं मुख्यालय तिथेच आहे.

भांडण भावाचं, भरवसा डॉलरवर

अमेरिकेची पायाभरणी त्याआधीच झाली होती. १४ फेब्रुवारी १९४५ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट सुएझ कालव्यातल्या ग्रेट बिटर सरोवरात एका युद्धनौकेवर सौदी राजे अब्दुल अझीझ यांना भेटले. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं आणि पिंपाचा भाव तीन डॉलरवरून काही महिन्यांत अकराच्या पुढे गेला. संबंध तुटले, असं कुणालाही वाटलं असतं. पण १९७४ मध्येच सौदी अरबस्तान आणि अमेरिका यांनी संयुक्त आर्थिक आयोग नेमला आणि तेलाचे डॉलर अमेरिकी सरकारी रोख्यांत जाऊ लागले. भाव वाढवून घ्यायचा, पण पहारेकरी बदलायचा नाही, असं हे धोरण होतं. १९९१ मध्ये इराकला कुवेतमधून हुसकावताना त्याचा परतावा मिळाला.

आजही सौदी रियाल डॉलरला ३.७५ वर आणि अमिरातीचा दिरहम ३.६७२५ वर बांधलेला आहे. 'ज्याचा पहारा, त्याचं नाणं' हा दोन शतकांतला आखाताचा नियम. रुपया आला तो मुंबईच्या आरमाराबरोबर, पौंड लंडनच्या संरक्षणाबरोबर, डॉलर अमेरिकी तळांबरोबर.

या नियमाची आता परीक्षा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये सौदीच्या अबकैक तेलप्रकल्पावर हल्ला झाला, तेव्हा अमेरिकेने लष्करी प्रत्युत्तर दिलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये इस्रायलने दोहावर हवाई हल्ला केला. अल उदेदचा मोठा अमेरिकी तळ असलेल्या कतारच्या राजधानीवर. आठवड्याभराने सौदी अरबस्तानाने पाकिस्तानशी संरक्षण करार केला. त्याआधी मार्च २०२३ मध्ये सौदी आणि इराण यांचा समेट झाला तो बीजिंगमध्ये.

रुपयाही पुन्हा दिसू लागला आहे. जुलै २०२३ मध्ये भारत आणि अमिरातीच्या मध्यवर्ती बँकांनी रुपया-दिरहम व्यवहाराचा करार केला. पुढच्याच महिन्यात इंडियन ऑइलने अबू धाबीच्या दहा लाख पिंप तेलाचे पैसे रुपयात दिले. मात्र यातून रुपया आखातात परतला असं समजणं घाईचं ठरेल. १९६६ चा धडा शेखांनी घेतला आहे: जे चलन दुसऱ्याच्या राजधानीतल्या निर्णयाने पडतं, त्यात शिल्लक ठेवू नये. डॉलरबद्दलही ही शंका आहे, पण त्याच्यामागे तळ आहेत. भारत आखाताचं मोठं गिऱ्हाईक आहे, पहारेकरी नाही.

मालेगाव-सिन्नरहून दुबईला कामाला गेलेल्या माणसाला हा हिशेब दर महिन्याला लागू पडतो. त्याचा पासपोर्ट नाशिकरोडला छापलेला, पगार दिरहमात. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने व्याजदर हलवला की अमिरातीची मध्यवर्ती बँकही आपला दर त्यामागे हलवते. डॉलर वधारला की दिरहम वधारतो आणि गावी येणाऱ्या रुपयांची संख्या वाढते; डॉलर उतरला की कमी होते. ही दोरी वॉशिंग्टनला बांधलेली आहे, आणि आखाताचा पहारा तिथून चालतो तोवर ती सोडवायची घाई कुठलाही शेख करणार नाही.