संगणकातील ‘स्मृती’ आणि ‘साठवण’ : एक परिभाषाविचार

शास्त्रीय परिभाषेत एकच शब्द दोन भिन्न संकल्पनांचा भार वाहू लागला, म्हणजे त्या संकल्पनाही अध्येत्याच्या मनात एकरूप होतात. संगणकाच्या यंत्रांगांविषयी बोलताना ‘मेमरी’ या शब्दाची हीच गत झाली आहे. ‘छायाचित्रांनी मोबाइलची मेमरी भरली’ आणि ‘मेमरी वाढविली तर संगणक जलद चालेल’ ही दोन्ही वाक्ये मराठीत सहज उच्चारली जातात. परंतु त्यांत अभिप्रेत असलेली यंत्रांगे एक नव्हेत.

या संदिग्धतेचे मूळ रूपकात आहे. १९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांनी एडव्हॅक या नियोजित संगणकाच्या आराखड्यात यंत्राच्या अंगांची तुलना मानवी मज्जासंस्थेशी केली आणि माहिती धारण करणाऱ्या अंगास ‘मेमरी’ म्हटले. मानवी स्मृती क्षणापुरती असते, तशी जन्मभराचीही असते. संगणकात मात्र ही दोन कार्ये वेगवेगळी अंगे करतात.

वर्गातीलच दृष्टान्त घ्यावयाचा, तर गणित सोडविणारा शिक्षक म्हणजे प्रक्रियक, अर्थात प्रोसेसर. त्याच्यासमोरील फळा म्हणजे रॅम. आणि कपाटातील वह्या म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. फळा लहान, पण हाताशी असतो. वह्या पुष्कळ, पण त्या काढून आणाव्या लागतात. फळा अपुरा पडला, की शिक्षकाचा वेळ वह्यांची ने-आण करण्यात जातो. रॅम अपुरी पडल्यावर संगणक मंदावतो, तो याच कारणाने.

फळा पुसला जातो, हेही येथे लागू पडते. रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तीत प्रत्येक बिट एका सूक्ष्म धारित्रातील विद्युतभाराच्या रूपाने राहतो. हा भार सतत गळत असल्यामुळे सामान्यतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली, की हे भरणे थांबते आणि विद्यार्थ्याने जतन न केलेला निबंध नाहीसा होतो.

तथापि ‘वीज जाताच पुसली जाते ती स्मृती’ ही व्याख्या सदोष ठरेल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकाची स्मृती फेराइटच्या चुंबकीय कड्यांची होती. वीज थांबली तरी अशा कड्यांतील चुंबकत्व टिकते. म्हणून व्याख्या द्रव्यावर नव्हे, कार्यावर आधारावी. प्रक्रियक जेथून आज्ञा व माहिती थेट उचलतो, ती स्मृती. जेथून ती प्रथम स्मृतीत आणावी लागते, ती साठवण.

दोहोंचे एकक समान असल्याने घोटाळा वाढतो. ‘स्मृती’ हा शब्द यूटीएफ-८ संकेतपद्धतीत लिहिला असता सहा संकेतचिन्हांचे १८ बाइट होतात. स्मृती आणि साठवण या दोहोंची क्षमता याच बाइटांत मोजली जाते. त्यामुळे एकाच यंत्रावर ‘८ जीबी’ आणि ‘५१२ जीबी’ असे आकडे शेजारी दिसले, की नवशिक्यास ती एकाच वस्तूची लहानमोठी मापे वाटतात.

‘मेमरी कार्ड’ ही वस्तुतः साठवणच होय. पण ते नाव आता रूढ झाले आहे व बाजारातून हटणार नाही. वर्गात मात्र हा भेद पाळणे अध्यापकाच्या हाती आहे. वर्षाच्या धान्यापासून लोणच्यापर्यंत ‘साठवण’ हा शब्द मराठी घरात परिचित आहे. त्याचा उपयोग केल्यास संकल्पना समजावण्याचे निम्मे काम शब्दच करील.