वारुळातली सातेरी आणि मुळगावची केळबाय

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांसह गोव्यात सर्वत्र पूजल्या जाणाऱ्या सातेरीचे मूळ रूप घडवलेली मूर्ती नसून जमिनीतून वर आलेले वारूळ आहे, ज्याला कोकणीत 'रोयण' म्हणतात. वाळवी खोलातली ओलसर माती कणाकणाने वर आणते, त्यामुळे भातावर जगणाऱ्या समाजाला वारुळात सुपीक भूमीचे दर्शन घडले असावे. पुढे अनेक ठिकाणी रोयणीवर धातूचा मुखवटा चढला, शेजारी महिषासुरमर्दिनी आली आणि सातेरीची शांतादुर्गा झाली. तरी मातीची पूजा सुटली नाही, आणि गोव्याच्या लोकधर्मातली ही सर्वांत मोलाची गोष्ट म्हटली पाहिजे.

डिचोलीतील मुळगावची केळबाय, जिला लोकपरंपरा शिरगावच्या लईराईची बहीण मानते, ती गजलक्ष्मीच्या रूपात पूजली जाते. दोन्ही बाजूंचे हत्ती देवीवर जलाभिषेक करतात, असे हे शिल्प असते. हत्ती मेघाचे प्रतीक असल्याने पाऊस, पीक आणि समृद्धी यांचा क्रमच त्यात कोरलेला दिसतो.

धान्याकडून धनाकडे जाणारा हाच क्रम जपानमधील इनारी या शिंतो दैवताच्या उपासनेतही आढळतो. परंपरेनुसार इ.स. ७११ मध्ये स्थापन झालेल्या क्योतोच्या फुशिमी इनारी देवस्थानात तांदळाच्या या दैवताला व्यापारीही भजू लागले, आणि डोंगरावर चढणाऱ्या वाटेवरच्या हजारो शेंदरी 'तोरी', म्हणजे प्रवेशकमानी, भक्तांनीच अर्पण केलेल्या आहेत. तेथील कोल्हे दैवत नसून दैवताचे दूत आहेत, आणि काहींच्या तोंडात भाताची लोंबी किंवा कोठाराची किल्ली असते.

गोव्याच्या देवळात येणारा भाविक मात्र बहुधा 'कौल' घेण्यासाठी येतो. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवून पुजारी गाऱ्हाणे घालतो, म्हणजे भक्ताची अडचण मोठ्याने सांगून तिची आज्ञा मागतो, आणि उजवीकडची पाकळी आधी पडली तर सामान्यतः होकार समजला जातो. पिकाशी असलेले नाते पाहायचे असेल तर भाद्रपदात जावे, कारण गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी 'नव्याची पंचम' असते आणि शेतातून आणलेली नवी कणसे पूजून घरात बांधली जातात. डिचोलीत लोहखनिजाच्या खाणींचा गाळ भातशेतांत उतरल्याने कित्येक शेते पडीक झाली. ज्या मातीला देवी मानले तिचीच ही हानी असल्याने तिचे दुःख केवळ शेतकऱ्यांपुरते राहत नाही.